गरोदरपणात सर्दीची गोळी घेतली गेली आहे. आता काय करावे?

पहिलटकरीण, फलटण

नमस्कार. माझे वय २९ असून हे माझे पहिलेच गरोदरपण आहे. शेवटच्या पाळीपासून मोजले तर दहावा आठवडा चालू आहे. गेल्या शनिवारी शाळेतून घरी येताना पावसात चिंब भिजले आणि रविवारी सकाळी नाक पूर्ण चोंदले, घसा खवखवू लागला, अंग मोडून आले. (भिजल्याने नव्हे, विषाणूंमुळे सर्दी होते, हे मी सातवीच्या मुलांना शिकवते, सासूबाईंना ते पटवण्याचा नाद मात्र मी सोडला आहे.) ताप ९९.८ च्या वर गेला नाही.

रविवार असल्याने आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता. यजमानांनी औषधाच्या दुकानात जाऊन 'सर्दीची साधी गोळी द्या' असे सांगितले. गोळी कोणासाठी हवी आहे हे त्यांनी सांगितले नाही आणि दुकानातही कोणी विचारले नाही. एक गोळी मी रविवारी रात्री घेतली, दुसरी सोमवारी सकाळी. दुपारी डोके फारच ठणकू लागले तेव्हा घरात असलेली पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी वरून घेतली. नंतर मनात शंका आली म्हणून सर्दीच्या गोळीचे पाकीट उलटे करून पाहिले. दुकानदाराने चारच गोळ्या कात्रीने कापून दिल्या होत्या आणि कात्री नेमकी नावावरून गेली होती. उरलेली अक्षरे इतकी बारीक की मोबाइलवर छायाचित्र काढून मोठे करून वाचावे लागले. त्यात पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ., फिनाइलेफ्रिन १० मि.ग्रॅ., क्लोरफेनिरामिन मॅलिएट २ मि.ग्रॅ. आणि कॅफीन ३० मि.ग्रॅ. अशी चार औषधे आहेत. मला वाटले होते, मी एक औषध घेत आहे.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. या दोन गोळ्यांनी बाळाला काही अपाय झाला असेल का, हा पहिला प्रश्न आहे. दुसरा असा की रात्री आडवे झाले की दोन्ही नाकपुड्या बंद होतात आणि तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडतो, तेव्हा आता यावर नेमके काय घेता येईल? पॅरासिटामॉल घेतल्याने मुलाला स्वमग्नता येते, असे सांगणारे व्हिडिओ मला तिघींनी पाठवले आहेत. त्यामुळे ती गोळी घ्यायलाही आता हात धजावत नाही. सासूबाई दिवसातून तीन वेळा तुळस, आले, मिरे, दालचिनी आणि ज्येष्ठमध यांचा काढा देतात आणि झाडपाल्याने कधी कोणाचे वाईट होत नाही असे म्हणतात. तो घ्यावा की नाही, हेही कळत नाही. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे.

जुना औषधविक्रेता, नाशिक

ताई, मी २६ वर्षे औषधाच्या दुकानात उभा आहे, त्यामुळे प्रथम आमच्याच पेशाची चूक मान्य करतो. 'कोणासाठी?' हा एक प्रश्न विचारायला दोन सेकंद लागतात आणि तो विचारणे आमचे कामच आहे. माझ्या दुकानात पुरुष गिऱ्हाइकाने सर्दीची गोळी मागितली की मी 'घरात कोणी गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे का, कोणाला रक्तदाब आहे का' असे विचारतो. काही जणांना त्याचा राग येतो, त्याला इलाज नाही.

तुमच्या दोन गोळ्यांबद्दल बोलायचे तर त्या एकेका घटकाकडे वेगवेगळे पाहावे लागेल, कारण सर्दीची गोळी ही एक गोळी नसून एका वेष्टनात बसवलेली तीन-चार औषधे असतात आणि त्यांचे गुणदोष एकमेकांशी जुळत नाहीत. तुमच्या पोटात २४ तासांच्या आत एकूण १६५० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल गेले. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मि.ग्रॅ. मानली जाते, तेव्हा तुम्ही तिच्या जवळपासही गेला नाहीत. पण तुमच्याकडून जी गोष्ट नकळत घडली तीच पुढे धोक्याची ठरू शकते: सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे हे माहीत नसताना डोकेदुखीसाठी वरून पॅरासिटामॉल घेणे. दर सहा तासांनी सर्दीची गोळी आणि मधे मधे ६५० ची गोळी असा क्रम दोन-तीन दिवस चालला, तर माणूस यकृताला इजा होण्याच्या मर्यादेपर्यंत सहज पोहोचतो आणि त्याला वाटत असते की आपण 'साधे' औषध घेत आहोत. कॅफीन दोन गोळ्यांचे मिळून ६० मि.ग्रॅ. झाले. गरोदरपणात दिवसाला २०० मि.ग्रॅ.च्या आत कॅफीन चालते असे मानतात, आणि त्यात तुमचा चहा-कॉफीही मोजायचा असतो. क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीवरचे फार जुने औषध आहे. जगभर गरोदर स्त्रियांनी ते दीर्घकाळ घेतले आहे आणि त्यामुळे व्यंग निर्माण होते असे आढळलेले नाही. झोप मात्र येते, म्हणून ते घेऊन गाडी चालवू नये.

राहिले फिनाइलेफ्रिन. रक्तवाहिन्या आकुंचित करणे हेच त्याचे काम. नाकातल्या सुजलेल्या वाहिन्या आकसाव्यात म्हणून ते घालतात, परंतु पोटात घेतलेले औषध केवळ नाकात जात नाही, ते साऱ्या शरीरात फिरते. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांत आणि रक्तदाब असलेल्या स्त्रीला ते टाळावे असे सांगतात. दोन गोळ्यांनी अनर्थ ओढवला असे समजण्याचे कारण नाही. पण यातली खरी गंमत, तिला गंमत म्हणायचे असेल तर, वेगळीच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितले की तोंडावाटे घेतलेल्या फिनाइलेफ्रिनने चोंदलेले नाक मोकळे होत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या तोंडी औषधांतून ते काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. कारण साधे आहे: गिळलेल्या औषधाचा बहुतांश भाग आतड्यात आणि यकृतातच निकामी होतो, नाकापर्यंत फारसे काही पोहोचत नाही. म्हणजे ज्या घटकाची तुम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते आहे, तो घेऊन तुमचे नाक उघडण्याची शक्यता मुळातच कमी होती. आपल्याकडे मात्र तो अजून बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत असतो.

म्हणून माझा नियम असा की गरोदरपणात मिश्र गोळी घ्यायचीच नाही. ताप किंवा अंगदुखी असेल तर फक्त पॅरासिटामॉल. सारख्या शिंका येत असतील आणि नाक गळत असेल तर डॉक्टरांना विचारून फक्त ॲलर्जीवरची एक गोळी. नाक चोंदले असेल तर नाकापुरतेच औषध. जो त्रास असेल तेवढ्याचेच औषध घ्यावे. पॅरासिटामॉल घेतानाही पाकिटावर तेवढे एकच नाव आहे ना, हे पाहावे, कारण क्रोसिनसारख्या ओळखीच्या नावानेच सर्दीची वेगळी मिश्र गोळीही विकली जाते आणि 'क्रोसिन द्या' म्हटले की क्वचित तीही हातात पडू शकते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. अंगदुखीसाठी घरात पडून असलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड किंवा ॲस्पिरिनच्या गोळीला आता हात लावू नका. कित्येक घरांत 'पॅरासिटामॉलपेक्षा जोरदार' म्हणून या गोळ्या आणि त्यांची पॅरासिटामॉलबरोबरची मिश्रणे डब्यात असतात. विसाव्या आठवड्यानंतर त्यांच्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला होता; आणि तिसाव्या आठवड्याच्या पुढे बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायला हवी अशी रक्तवाहिनी वेळेआधीच मिटण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या काळजीपोटी कमी मात्रेचे ॲस्पिरिन लिहून दिले असेल, तर ती गोष्ट निराळी. ते माझ्या या सल्ल्यावरून बंद करू नये.

जाता जाता, आमच्या पेशातल्या कोणीही विसरू नये अशी एक आठवण. थॅलिडोमाइड हे नाव तुम्ही ऐकले असेल. झोपेचे आणि गरोदरपणातल्या मळमळीचे औषध म्हणून ते कुप्रसिद्ध झाले. पण त्याआधी, १९५६ मध्ये, पश्चिम जर्मनीत ते 'ग्रिपेक्स' नावाच्या सर्दी-तापाच्या मिश्रणातून बाजारात आले होते. १९६१ च्या नोव्हेंबरात ते तिथे मागे घेतले जाईपर्यंत हजारो मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आली होती. आजची गोळी म्हणजे थॅलिडोमाइड नव्हे आणि तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. मिश्रण म्हटले की माझा हात आखडतो, त्याचे मूळ कुठे आहे, एवढेच सांगायचे होते.

रंकाळ्याकाठची

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांविषयी बोलणार नाही. नाकाविषयी मात्र अधिकाराने बोलू शकते. माझ्या पहिल्या खेपेस पाचव्या महिन्यात नाक जे बंद झाले ते उघडलेच नाही. ताप नाही, खोकला नाही, शिंकाही नाहीत, केवळ नाक बंद. सर्दी समजून मी नाकात घालायचे थेंब आणले. पहिल्या रात्री दोन मिनिटांत नाक मोकळे झाले, आणि मला वाटले की एवढी स्वर्गीय गोष्ट आजवर कोणी कशी सांगितली नाही. आठवडाभराने त्याचा परिणाम चार तास टिकू लागला, तीन आठवड्यांनी दोन तास. सातव्या आठवड्यात माझ्या उशाला एक बाटली, पर्समध्ये एक आणि स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे एक अशा तीन बाटल्या होत्या आणि तरीही नाक बंदच.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सांगितले की आता नाक सर्दीने नव्हे, थेंबांनीच चोंदते आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब, म्हणजे ओट्रिविन किंवा नॅसिव्हियॉन या नावांनी आपण ओळखतो ते, तीन ते पाच दिवसांपलीकडे घातले की त्यांचा असर ओसरताच नाकातली सूज दुपटीने परत येते. त्यांनी मला आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करायला लावले, दुसरी चालू ठेवली, आणि पहिली सुधारल्यावर दुसरीतलेही बंद केले. जोडीला नाकातली सूज उतरवणारा बुडेसोनाइडचा फवारा लिहून दिला. तो गरोदरपणात पुरेसा वापरला गेलेला आहे असे त्यांनी सांगितले होते, परंतु तो मी चिठ्ठीनेच घेतला, हे नमूद करते. ते दहा-बारा दिवस फार वाईट गेले.

मूळ दुखण्याचे नाव मला त्याच दिवशी कळले: गरोदरपणातला नासिकादाह. संप्रेरकांच्या बदलामुळे आणि शरीरातले रक्त वाढल्यामुळे नाकातले अस्तर फुगते. साधारण पाचांतल्या एकीला हा त्रास होतो, तो सहा आठवडे किंवा त्याहूनही अधिक टिकतो आणि बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत आपोआप जातो. माझे नाक बाराव्या दिवशी, म्हणजे बारशादिवशीच उघडले. खोलीत बसल्या बसल्या मला घुगऱ्यांच्या फोडणीचा वास आला आणि मी रडू लागले, तेव्हा पाळण्याची दोरी हातात धरलेल्या आत्याबाईंना वाटले की बाळाच्या नावावरून काही बिनसले.

ताई, तुमची सर्दी आता तरी सर्दीच दिसते आहे. तरीही ती दहा दिवसांनी न जाता नुसते नाकच बंद राहिले, तर ही गोष्ट आठवावी. तोवर उशाखाली आणखी एक उशी घेऊन खांदे आणि डोके दोन्ही उंच ठेवावे आणि डाव्या कुशीवर झोपावे. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. औषधाच्या दुकानात 'सलाइन नेझल ड्रॉप्स' म्हणून मागितले की मिळतात, नॅसोक्लिअर हे त्यांतलेच एक. त्यात मीठ आणि पाणी यांखेरीज औषध असे काही नसते, म्हणून ते कितीही वेळा घातले तरी चालतात. घरी पाणी करायचे असेल तर ते आधी उकळून गार करावे.

निसर्गप्रेमी

एवढी रसायने पोटात घालण्यापेक्षा सासूबाईंचे ऐकावे, हे उत्तम. आपल्या आज्या-पणज्यांनी आठ-आठ बाळंतपणे काढ्यावर काढली. वनस्पतीचे दुष्परिणाम नसतात. काढा दिवसातून तीन वेळा काय, पाच वेळाही घ्यावा आणि तळहातावर कापूर चोळून हुंगावा.

वैद्य, सदाशिव पेठ

वरील प्रतिसादाचा मान राखून असहमती नोंदवतो, आणि ती आयुर्वेदाच्या बाजूनेच नोंदवतो. वनस्पतीला परिणाम असतो म्हणून तर आम्ही तिला औषध म्हणतो. आणि ज्याला परिणाम आहे त्याला मात्रा आहे, काळ आहे आणि अपायही आहे. आज्या-पणज्यांच्या आठ बाळंतपणांतली किती मुले जगली, हेही त्याच श्वासात सांगायला हवे.

ताईंच्या काढ्यात मला एकच वस्तू खटकते, ती म्हणजे ज्येष्ठमध. गंमत अशी की गर्भिणीसाठी सांगितलेल्या मासानुमासिक योगांत पहिल्याच महिन्यात ज्येष्ठमध येते, त्यामुळे ते सर्वथा वर्ज्य आहे असे मी म्हणणार नाही. परंतु वैद्याने प्रकृती पाहून, मात्रा ठरवून, दुधातून काही दिवस देणे वेगळे आणि घरात अंदाजाने मुठीतून टाकून दिवसातून तीन वेळा उकळणे वेगळे. ज्येष्ठमधातला ग्लिसरायझिन हा गोड घटक जास्त प्रमाणात पोटात गेला तर शरीरात पाणी आणि मीठ साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. गरोदरपणात रक्तदाब चढणे म्हणजे काय, हे येथे सांगायला नको. शिवाय आईच्या शरीरातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक बाळापर्यंत जास्त जाऊ नये म्हणून वारेत जी आडकाठी असते, ती हा घटक सैल करतो. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची काळी मिठाई फार खाल्ली जाते, म्हणून तिथल्या संशोधकांनी याचा पाठपुरावा केला. आठवड्याला ५०० मि.ग्रॅ.हून अधिक ग्लिसरायझिन खाणाऱ्या मातांची मुले साधारण तेराव्या वर्षी बौद्धिक चाचण्यांत मागे पडलेली त्यांना २०१७ साली आढळली. तेथील आरोग्य यंत्रणेने गरोदर स्त्रियांच्या टाळायच्या पदार्थांत ज्येष्ठमध घातले आहे. ताईंनी आजवर घेतलेल्या दोन-चार काढ्यांनी हे होणार नाही. पण घरच्या काढ्यात किती घटक उतरला, हे सांगण्याचे साधनच आपल्याकडे नसल्याने ते त्यातून काढून टाकावे, एवढेच माझे म्हणणे.

उरलेल्यांपैकी आले, चार तुळशीची पाने, गवती चहा हे स्वयंपाकातल्या प्रमाणात खुशाल घ्यावे. मिरे आणि दालचिनी चिमटीपुरतीच, कारण आधीच जळजळ होणाऱ्या पोटात तीन वेळा मिऱ्याचा काढा घातला तर सर्दीपेक्षा पित्तानेच जीव हैराण होईल. आल्याच्या रसात मध घालून चाटण घेतल्यास घशाला बरे वाटते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, हा नियम बाळाचा आहे, आईचा नव्हे. कापराबद्दल सांगायचे तर तो चुकूनही पोटात जाता कामा नये, तो विषारी आहे. हुंगायचेच असेल तर फडक्यात ओव्याची पुरचुंडी बांधून तव्यावर गरम करून हुंगावी.

स्त्रीरोगतज्ज्ञ

सर्व प्रतिसाद वाचले. औषधविक्रेते आणि वैद्य या दोघांनीही माझे बरेचसे काम हलके केले आहे, त्यामुळे जे राहिले तेवढेच लिहिते.

दोन गोळ्यांमुळे तुमच्या बाळाला व्यंग येण्याचा धोका वाढला असे मानण्यास आधार नाही. कोणतेही औषध न घेतलेल्या स्त्रियांतही शंभरांतील सुमारे तीन बाळांत जन्मजात दोष आढळतो. ही पायरी सगळ्यांसाठी सारखी आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण सर्दीची एखादी गोळी घेतली गेली म्हणून 'गर्भ पाडून टाकू का' असे विचारत दाराशी आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना तसे सुचवणारे बहुधा घरातलेच कोणीतरी असते. तुमच्यासाठी कोणतीही जादा तपासणी लागणार नाही. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी आणि अठरा ते वीस आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी या सर्वांनाच करायच्या असतात, त्या वेळेवर कराव्यात. इंटरनेटवर औषधापुढे 'कॅटेगरी सी' असे लिहिलेले पाहून घाबरू नये. ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरे ज्या अमेरिकेने रूढ केली, तिनेच २०१५ पासून ती दिशाभूल करणारी म्हणून मोडीत काढली. 'सी' या अक्षराचा अर्थ बहुतेक वेळा 'धोका आहे' असा नसून 'माणसांवरची माहिती अपुरी आहे' असा होता.

पॅरासिटामॉल आणि स्वमग्नता यांचा विषय सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने केलेल्या घोषणेनंतर घरोघरी पोहोचला. त्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेने असा संबंध दाखवणारा निर्णायक पुरावा नसल्याचे स्पष्ट केले होते. या प्रश्नावरचा सर्वांत मोठा अभ्यास स्वीडनमधला आहे. तिथे १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरवर पाहता थोडासा संबंध दिसत होता. पण एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, म्हणजे एका खेपेस तिने गोळी घेतली आणि दुसऱ्या खेपेस घेतली नाही असे पाहिले, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. याचा अर्थ, जो फरक आधी दिसत होता तो गोळीचा नसून घराण्याचा, आनुवंशिकतेचा किंवा ज्या आजारासाठी गोळी घेतली त्याचा असावा.

उलट बाजू मात्र या व्हिडिओंत कोणी सांगत नाही. ताप हाच गर्भासाठी निरुपद्रवी नसतो. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी पहिल्या काही आठवड्यांत मिटते आणि त्या काळात आईला आलेल्या तीव्र तापाचा संबंध त्या नळीच्या दोषांशी जोडला गेला आहे. म्हणून '१०२ ताप होता, पण बाळासाठी गोळी घेतली नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या रुग्णेचे कौतुक मला करवत नाही. ताप १००.४ च्या वर गेला किंवा अंगदुखी सहन होईना, तर ५०० किंवा ६५० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल घ्यावे, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर ठेवावे, गरज असेल तेवढेच दिवस घ्यावे. मर्यादा चार ग्रॅमची असली तरी माझ्या रुग्णांना मी डॉक्टरांना न विचारता दिवसाला तीन ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही, आणि ज्यांचे वजन ५० किलोच्या आत आहे त्यांना त्याहूनही कमी सांगते. नाक गळत असेल आणि शिंकांनी झोप लागत नसेल तर सेटिरिझिन किंवा लोराटाडिन यांपैकी एक गोळी मी लिहून देते. खोकल्याचे औषध गुरुवारपर्यंत नकोच. त्यातले कोडीन तर गरोदरपणात टाळायचेच आणि साखरेच्या पाकामुळे गरोदरपणातला मधुमेह असलेल्यांना ते आणखी अडचणीचे. साध्या गरम पाण्याचा वाफारा घ्यावा, मात्र उकळत्या पाण्याचे पातेले मांडीवर किंवा पलंगावर घेऊन बसू नये. वाफाऱ्यापायी भाजून आलेल्या रुग्णा मी पाहिल्या आहेत.

प्रतिजैविकांचा कोणी आग्रह धरला तर नकार द्यावा. तीन दिवसांचा ॲझिथ्रोमायसिनचा 'कोर्स' सर्दीच्या विषाणूंचे काहीही बिघडवत नाही, आणि डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके तर गरोदरपणात टाळायचीच असतात.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि यावर येथे कोणीच बोलले नाही. सर्दी आणि फ्लू या दोन गोष्टी आहेत. सर्दी नाकापासून हळूहळू सुरू होते. फ्लू मात्र अचानक येतो, १०१-१०२ ताप, थंडी वाजणे, अंग कुटल्यासारखे दुखणे आणि कोरडा खोकला घेऊन. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ पसरली तेव्हा आम्ही तरुण, धडधाकट गरोदर स्त्रिया दोन-तीन दिवसांत व्हेंटिलेटरवर जाताना पाहिल्या. वाढलेल्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते आणि प्रतिकारशक्तीही बदललेली असते. त्यामुळे गरोदर स्त्रीला फ्लूची शंका आली तर अहवालाची वाट न पाहता ओसेल्टामिविर सुरू करतात. ७५ मि.ग्रॅ. दिवसातून दोन वेळा, पाच दिवस. पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वांत जास्त उपयोग होतो. ते डॉक्टरांनीच द्यायचे औषध आहे, परंतु 'गरोदर आहे म्हणून नको' असे म्हणण्याचे ते औषध नव्हे, उलट गरोदर आहे म्हणूनच द्यायचे. धाप लागणे, छातीत दुखणे, गोळी घेऊनही ताप दोन दिवसांत न उतरणे, ओठ निळसर दिसणे, किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर गुरुवारपर्यंत थांबू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. आणि गुरुवारी भेटल्यावर फ्लूच्या लसीविषयी अवश्य विचारावे. निष्क्रिय विषाणूची, दंडात टोचायची लस गरोदरपणात चालते आणि जन्मल्यावर पहिले काही महिने बाळालाही तिचा आधार मिळतो. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र गरोदर स्त्रीला देत नाहीत.

पहिलटकरीण, फलटण

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आज गुरुवारी डॉक्टरांकडे जाऊन आले. सर्दीच्या गोळ्यांचे कापलेले पाकीट सोबत नेले होते. डॉक्टरांनी ते वाचून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि जवळपास औषधविक्रेत्या काकांच्याच शब्दांत समजावले. रक्तदाब ११० वर ७० आहे. ताप परत आला नाही, त्यामुळे सोमवारनंतर पॅरासिटामॉलही लागले नाही. लोराटाडिन गरज पडली तरच घ्यायला सांगितले आहे. मिठाच्या पाण्याचे थेंब आणि दोन उशा यांवर कालची रात्र बरी गेली. पहाटे तीनपर्यंत तरी नाकाने श्वास घेता आला. फ्लूच्या लसीचे विचारले तेव्हा सर्दी पूर्ण ओसरल्यावर पुढच्या भेटीत देऊ असे म्हणाल्या.

काढ्याचा प्रश्न घरात कसा काढावा, हेच अवघड वाटत होते. शेवटी वैद्यांचे उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. मासानुमासिक योगांत पहिल्याच महिन्यात ज्येष्ठमध सांगितले आहे, हे ऐकून त्यांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिले. रक्तदाबाचे वाक्य आले तेव्हा मात्र गप्प झाल्या, कारण त्या स्वतः गेली आठ वर्षे रक्तदाबाची गोळी घेत आहेत आणि पावसाळाभर तोच काढा दोन वेळा पीत आहेत. संध्याकाळी ज्येष्ठमधाची पुडी मसाल्याच्या डब्यातून उचलून त्यांनी माळ्यावर ठेवली. त्यांच्या काढ्याबद्दल त्या त्यांच्या डॉक्टरांना शनिवारी विचारणार आहेत.

जुना औषधविक्रेता, नाशिक

त्यांना जाताना त्यांच्या गोळीचे पाकीट आणि ती पुडी, दोन्ही सोबत न्यायला सांगा. आणि पुढच्या वेळी गोळ्या सुट्या घेतल्या तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडाच कापून मागावा. आम्ही कुरकुरलो तरी देतो.